दहा वर्षांची इलेक्ट्रिक गाडी आणि बॅटरी पॅकचा फ्यूज : उडाला नाही तरी बदलायचा?

सह्याद्रीपार (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

राम राम मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज काम निघालं म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे २०१६ ची टेस्ला मॉडेल एस पी९०डी आहे, सेकंडहँड घेतलेली. परवा स्क्रीनवर सूचना आली की हाय व्होल्टेज बॅटरीचा फ्यूज बदलायला झालाय, सर्व्हिसची वेळ घ्या. फ्यूज उडालेला नाही. गाडी चालते, चार्ज होते, रेंजही होती तेवढीच आहे. बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी २०२४ मध्ये संपली, म्हणजे खर्च माझ्या खिशातून.

जवळच्या एका खासगी गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की तो पायरो फ्यूज (आतला छोटा बार उडवून करंट तोडणारा) काढून टाकू, साधा दणकट फ्यूज बसवू, पुन्हा दहा वर्षं बघायला नको. पैसेही निम्मे. ऐकायला बरं वाटलं, पण झोप लागेना. आमच्या गावच्या घरी किटकॅट फ्यूज माझ्या जन्माआधीपासून आहेत, कोणी कधी ‘वय झालं’ म्हणून बदलले नाहीत. जो उडालाच नाही तो फ्यूज खराब कसा होतो? आणि साधा बसवला तर बिघडतं काय?

पुण्यात भावाकडे नेक्सॉन ईव्ही आहे, तोही आता मागे लागलाय की माझ्या गाडीचं काय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाटीपुस्तक

वाचतेय. पायरो म्हणजे दिवाळीच्या फटाक्यातला पायरो का? गाडीच्या बॅटरीत बार भरलेला असतो हे वाचून मीच उडाले.

तीनफेज (नाशिक)

नोकरीची सगळी वर्षं स्विचगिअरच्या, म्हणजे फ्यूज-ब्रेकरसारख्या सामानाच्या टेस्टिंगमध्ये गेली. फ्यूज उडवणं हेच माझं काम होतं, त्याचा पगार मिळायचा. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

आधी किटकॅट विसरा. घरात एसी आहे. ५० हर्ट्झला करंट सेकंदातून १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तार वितळल्यावर जो आर्क, म्हणजे तुटलेल्या टोकांमधली विजेची ज्योत, पेटतो त्याला विझायची आयती संधी मिळते. बॅटरीचा डीसी शून्यावर येतच नाही. ३५०-४०० व्होल्टला नुसती तार वितळून भागत नाही, दोन टोकांमध्ये आर्क पेटलेला राहतो आणि त्यातून करंट खुशाल वाहत राहतो. म्हणून पॅकमधला फ्यूज एचआरसी जातीचा, म्हणजे फार मोठा करंट तोडू शकणारा, असतो. सिरॅमिकचं अंग, आत चांदीची किंवा तांब्याची पातळ पट्टी, पट्टीला ओळीने खाचा, आणि भोवती ठासून भरलेली क्वार्ट्झची वाळू. शॉर्ट झाला की सगळ्या खाचा जवळजवळ एकदम वितळतात. एका मोठ्या आर्कऐवजी ओळीने छोटे आर्क तयार होतात, त्यांच्या व्होल्टेजची बेरीज पॅकच्या व्होल्टेजच्या वर गेली की करंट उतरायला लागतो. उष्णता वाळू पिते. उडालेला फ्यूज कापला तर पट्टीच्या जागी वाळू वितळून झालेली खरखरीत, राखाडी काच सापडते, बरोबर पट्टीच्या आकाराची. आमच्याकडे नवीन पोरगा रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात हा तुकडा ठेवायचो.

आता वय. खाचेपाशी पट्टी सगळ्यात अरुंद, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त तापते. ॲक्सिलरेटर दाबला की तापली, फुगली. सोडला की निवली, आकसली. ब्रेकला रीजन आलं, म्हणजे करंट उलटा बॅटरीत आला, परत तापली. दोन्ही टोकं पक्की आणि भोवती वाळू घट्ट, त्यामुळे हलायला जागा नाही, सगळा ताण खाचेवर. वर्षानुवर्षं हे चाललं की खाचेपाशी बारीक चिरा पडतात, रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे ती अजून तापते, आणि एक दिवस शॉर्ट नसतानाच फ्यूज जातो. घरातल्या किटकॅटवरून दिवसातून शेकडो वेळा असा झटका जात नाही, गाडीत जातो.

काही फ्यूजमध्ये पट्टीवर कथलाचा ठिपका असतो. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं १०८५ ला, कथील २३२ ला. थोडासाच ओव्हरलोड बराच वेळ राहिला तर कथील वितळून खालच्या धातूत मुरतं आणि पट्टी कमी तापमानालाच तुटते. १९३९ मध्ये मेटकाफने हे मांडलं, त्याच्याच नावाने ओळखतात. गोम अशी की ‘उडता उडता वाचला’ असं दोन-चारदा झालं तर कथील अर्धवट मुरून बसतं. बाहेरून फ्यूज नवाकोरा, आतून त्याचा आकडा बदललेला.

पण सह्याद्रीपार, तुमचा फ्यूज या जातीचा नाहीच. त्यावर जेवून आल्यावर लिहितो.

वरणफळं

जेवून या काका, आम्ही बसलोय.

नारिंगी_केबल (पिंपरी)

काका जेवतायत तोवर मी. ईव्हीच्या वर्कशॉपमध्ये काम करतो.

काकांच्या खाचेच्या मुद्द्याला एक पुरवणी. लोकांना वाटतं, गाडी पळवली की फ्यूज दमतो. पळवताना करंट मोठा असला तरी काही सेकंदच असतो. फास्ट चार्जिंगला मात्र तोच फ्यूज अर्धा-अर्धा तास सलग मोठा करंट वाहतो, तेही गाडी उभी असताना. हिशोब करून बघा : ०.२ मिलीओहमच्या फ्यूजमधून २०० अँपिअर गेले तर त्यात ८ वॉट उष्णता तयार होते. करंट दुप्पट झाला की ती ३२ वॉट. बंद डब्यात ३२ वॉट सतत. शिवाय फ्यूजवर छापलेला आकडा साधारण २५ अंशांच्या हवेतला असतो, पॅकच्या जंक्शन बॉक्समध्ये उन्हाळ्यात किती असेल ते तुम्हीच ठरवा.

आणि पुष्कळदा गुन्हेगार फ्यूज नसतोच, त्याचा बोल्ट असतो. टॉर्क कमी पडला, म्हणजे बोल्ट पुरेसा आवळला नाही, की बसबारचा (करंट वाहणाऱ्या जाड पट्टीचा) जोड तापतो, ती उष्णता फ्यूजमध्ये शिरते आणि फ्यूज वेळेआधी जातो. नवीन फ्यूज टाकला, जोड तसाच ठेवला, की काही महिन्यांनी गाडी परत दारात.

चांद्याचं_ऊन (चंद्रपूर)

आमच्याकडे मे महिन्यात ४६-४७ अंश असतेच. माझी नेक्सॉन ईव्ही २०२१ ची. मग माझा फ्यूज पुणेकरांच्या आधी जाईल का? स्क्रीनवर अजून काही आलं नाही. उघडून रेझिस्टन्स मोजून घेऊ का? मल्टीमीटर आहे घरी.

नारिंगी_केबल

नका उघडू भाऊ. एक तर तुमची बॅटरी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरच्या वॉरंटीत आहे, सील तोडलं की तीही गेली. दुसरं, घरचा मल्टीमीटर ०.२ मिलीओहम दाखवूच शकत नाही, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या शेकडो पट असतो. आम्ही चार तारांचा मिलीओहम मीटर लावतो. सर्व्हिसला गेलात की एवढंच विचारा की बॅटरीचे फॉल्ट कोड वाचले का, इन्सुलेशनचा आकडा किती आला.

तीनफेज

आलो.

हे पायरो प्रकरण २०१५ च्या जुलैमधलं. टेस्लाने गाडी अजून जोरात उसळावी म्हणून ‘लुडिक्रस’ मोड काढला तेव्हा अडचण फ्यूजचीच होती. पॅकमधून तोवर १३०० अँपिअर घेत होते, ते १५०० करायचे होते. वितळणारा फ्यूज घ्यायचा तर असा हवा की जो काही सेकंद १५०० अँपिअर सोसेल पण खऱ्या शॉर्टला लगेच तुटेल. या दोन्ही गोष्टी एका पट्टीकडून मिळत नाहीत. ताकदीचा घेतला तर शॉर्टच्या वेळी रेंगाळतो, चपळ घेतला तर मालकाने पाय दाबला की उडतो. म्हणून त्यांनी फ्यूजच्या आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स आणि एक छोटी लिथियम-आयन बॅटरी घातली. तो मिलीसेकंदाच्या हिशोबाने करंट बघत बसतो आणि मर्यादा ओलांडली की छोटा बार उडवून करंटची वाट तोडतो. त्याच वेळी काँटॅक्टरमध्येही (पॅक जोडणारा-तोडणारा मोठा रिले) पोलादाच्या जागी इन्कोनेल हा मिश्रधातू घातला, तापल्यावरही स्प्रिंगपणा राहावा म्हणून. कंपनीने हे तेव्हा जाहीर सांगितलं होतं.

पाटीपुस्तक ताई, बार खराच आहे. एअरबॅग फुगवणारी जी दारू, त्याच घराण्यातली. ऑटोलिव्ह, डायसेल ही एअरबॅगवाली मंडळीच असले स्विच बनवतात.

आता धाग्याचा मूळ प्रश्न. साधा फ्यूज म्हातारा झाला की बहुतेक वेळा लवकर उडतो. तुम्ही रस्त्यात अडकता, शिव्या देता, पण गाडी सुरक्षित असते. आतल्या बॅटरीवर चालणारा पायरो म्हातारा झाला, म्हणजे ती बॅटरी मेली, तर तो उडतच नाही. एकाचं म्हातारपण गैरसोयीचं आणि दुसऱ्याचं धोक्याचं. म्हणून गाडी सगळं ठीक चाललेलं असतानाच सूचना देते. बिघडल्यावर सांगून उपयोग नाही, कारण बिघाड कळतो तो नेमका ज्या क्षणी फ्यूज हवा असतो त्या क्षणी.

तुमचा गॅरेजवाला ‘साधा दणकट’ म्हणाला ना? त्याला विचारा, १५०० अँपिअर सोसणारा साधा फ्यूज ३००० अँपिअरला किती वेळात तुटतो. त्याच्याकडे त्या फ्यूजचा करंट आणि वेळेचा वक्र असेल तर बघू.

स्वस्तात_मस्त

काका, तुम्ही लोक उगाच घाबरवता. मी स्वतः एका जुन्या ईव्हीचा मेन फ्यूज घरी बदललाय. पुण्याच्या तपकीर गल्लीत ५०० व्होल्टचा एचआरसी मिळाला, ४०० अँपिअर. कंपनीच्या फ्यूजच्या दहाव्या भागात काम झालं. मापं जुळली, भोकं जुळली, गाडी चालतेय. पॅकचं व्होल्टेज ३५०, फ्यूज ५०० चा. अजून काय पाहिजे?

तीनफेज

त्यावर ५०० च्या पुढे काय छापलंय ते वाचून इथे लिहा. फोटो टाकलात तर उत्तम.

स्वस्तात_मस्त

‘५०० व्ही एसी’ असं आहे. आणि वर ‘८० केए’.

तीनफेज

हेच ते.

मुंबईच्या लोहार चाळीत किंवा तपकीर गल्लीत मिळणारा एचआरसी वाईट असतो असं मी म्हणत नाही. नामांकित कंपनीचा असेल तर मोटरच्या पॅनलला उत्तमच आहे, मी स्वतः आयुष्यभर तेच टेस्ट केले. पण ५०० व्होल्ट एसी आणि ५०० व्होल्ट डीसी हे दोन वेगळे फ्यूज आहेत. त्याच फ्यूजचं डीसी रेटिंग पुष्कळदा निम्म्यावर असतं, कधी दिलेलंच नसतं. ८० किलोअँपिअर तोडण्याची हमी आहे ती एसीची. डीसीत तेवढा तोडेल की आत आर्क धरून बसेल आणि सिरॅमिक फुटेल, हे ना छापलंय ना कोणी तपासलंय. आणि मोठ्या शॉर्टपेक्षा मधल्या करंटची मला जास्त भीती वाटते. सेमीकंडक्टर वाचवायला बनवलेल्या फ्यूजना एक किमान तोडण्याचा करंट असतो, त्याच्या खाली तो पट्टी वितळवतो पण आर्क विझवू शकत नाही. गाडीच्या फ्यूजसाठी आयएसओ ८८२०-८ सारखं वेगळं मानक उगाच नाही काढलं.

गाडी चालतेय म्हणता. चालणारच. फ्यूज न लावता पट्टी लावली असती तरी चालली असती.

वरणफळं

+१. आमच्या गावात डीपीवरचा डीओ (ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज) उडाला की कोणीतरी जाड तार अडकवून मोकळा होतो. ट्रान्सफॉर्मर जळेपर्यंत सगळे त्याला हुशार म्हणतात.

स्वस्तात_मस्त

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

ओस्लोकर

रोचक धागा. इथे माझ्याकडे निसानची जुनी २४ किलोवॅट-अवरची लीफ आहे. तीनफेज काका, एक शंका. माझा पॅक आता बराच थकलाय, आणि हिवाळ्यात उणे पंधराला तर तो अजूनच मरगळतो. थकलेला पॅक करंटच कमी देत असेल तर फ्यूजवरचा भारही कमी झाला ना? म्हणजे म्हाताऱ्या पॅकला म्हातारा फ्यूज चालून जाईल, असं मनात आलं.

तीनफेज

फार चांगली शंका. उत्तर नेमकं उलटं आहे, आणि अर्ध्या इंजिनिअरांनाही ते पटकन पटत नाही.

पॅक म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो. थंडीत अजून वाढतो. उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. ३५० व्होल्टचा पॅक, नवा असताना सगळा मिळून ०.१ ओहम, तर पूर्ण शॉर्टला ३५०० अँपिअर. तोच पॅक थकून ०.१५ ओहमचा झाला, तर शॉर्टचा करंट सुमारे २३३० वर आला. फ्यूजची पट्टी वितळते ती करंटच्या वर्गाच्या हिशोबाने, ज्याला आम्ही आय-स्क्वेअर-टी म्हणतो. म्हणजे करंट दोन तृतीयांश झाला तर वितळायला सव्वादोन पट वेळ. तेही उष्णता बाहेर झिरपत नाही असं धरून, प्रत्यक्षात अजून जास्त लागतो. तेवढा वेळ सगळा करंट केबल, काँटॅक्टर आणि सेलमधून वाहतोय. नव्या पॅकला नेमका बसणारा फ्यूज जुन्या, गारठलेल्या पॅकला ढिला पडतो.

आणि काँटॅक्टर काही ठरावीक करंटपर्यंतच सुरक्षित तोडू शकतो. त्याच्या वर त्याचे काँटॅक्ट चिकटतात. काँटॅक्टरची ताकद जिथे संपते आणि फ्यूज जिथे चपळ होतो, त्या दोहोंमध्ये एक फट असते. पॅक म्हातारा होत जातो तसा शॉर्टचा करंट सरकत सरकत या फटीकडे येतो. पायरो ही फटही बुजवतो, कारण तो वितळण्याची वाट बघत नाही. करंट कितीही असो, हुकूम मिळाला की तुटला.

लीफ बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेलाच असणार, त्यामुळे घाबरू नका. फक्त ‘भार कमी झाला’ म्हणून निवांत राहू नका.

ओस्लोकर

बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद काका.

पाटीपुस्तक

बारावीच्या पोरांना ओहमचा नियम शिकवते, त्यांना उद्या हेच गणित घालणार.

नारिंगी_केबल

काँटॅक्टरवरून आठवलं. फोर्डने जून २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४९ हजार मस्टँग मॅक-ई परत बोलावल्या होत्या, फास्ट चार्जिंग आणि वारंवार पूर्ण ॲक्सिलरेटर यामुळे मेन काँटॅक्टर तापतात म्हणून. म्हणजे फ्यूज बदलताना शेजारच्या काँटॅक्टरकडेही बघायचं असतं, काळवंडलेला बसबार दिसला तर तिथे थांबायचं.

तसंच ह्युंदाई-कियाचं. २०२४ मध्ये आयसीसीयू या चार्जिंगच्या युनिटसाठी गाड्या बोलावल्या, त्यात युनिट तपासून गरज असेल तर ते आणि त्याचा फ्यूज दोन्ही बदलायचे होते. आमच्याकडे लोक येतात ते ‘फक्त फ्यूज टाकून द्या’ म्हणून. उडालेला फ्यूज कशामुळे उडाला ते सापडल्याशिवाय मी नवा लावत नाही, यावरून दोन गिऱ्हाइकं तोडली. सह्याद्रीपार दादांची गोष्ट वेगळी, तिथे उडालेलाच नाही, वयाने बदलायचाय.

आणि ‘घरी बदलला’ म्हणणाऱ्यांसाठी. मागे एका गृहस्थांनी फोन केला, सर्व्हिस प्लग काढलाय, आता पॅक डेड ना? नारिंगी हँडलचा तो प्लग पुष्कळ गाड्यांत पॅकच्या मधोमध साखळी तोडतो. म्हणजे ३५० च्या ऐवजी पावणेदोनशे-पावणेदोनशेचे दोन तुकडे झाले, दोन्ही जिवंत. पॅक कधीच ‘बंद’ होत नाही, त्याला स्विच नाही.

आमची पद्धत सांगतो. गाडी बंद, बारा व्होल्ट सुटा, प्लग काढून स्वतःच्या खिशात, दुसऱ्या कोणाच्या हाती नाही. मग कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं, इन्व्हर्टरचे कपॅसिटर उतरायला. क्लास ० चे रबरी ग्लोव्हज घालण्याआधी प्रत्येकाची मनगटाकडची बाजू गुंडाळत न्यायची, आत हवा कोंडते, बोटं फुगतात, मग तो गालाजवळ धरायचा. टाचणीएवढं भोक असलं तरी गालाला हवा लागते. तसा ग्लोव्ह तिथेच कापून टाकायचा, नाहीतर कोणीतरी परत घालतो. मग मीटर : आधी चालू बॅटरीवर लावून तो धड आहे का बघायचा, मग कामाच्या जागी ६० व्होल्टच्या खाली आलं का ते, मग परत चालू बॅटरीवर. मधल्या वेळात मीटरच मेला नाही ना याची खात्री. अंगठी, कडं, गळ्यातली चेन गेटवर. आणि एकटं कधी नाही, दुसरा माणूस हुक घेऊन उभा, मला ओढून काढायला.

हे सगळं करून प्रत्यक्ष फ्यूज बदलायला लागतो चहा निवेल एवढा वेळ.

चांद्याचं_ऊन

वाचून मल्टीमीटर परत कपाटात ठेवला.

सह्याद्रीपार

मंडळी, मनापासून आभार. खासगी गॅरेजला ‘नको’ म्हणून कळवलं. काकांचा प्रश्न त्याला विचारला होता, ३००० अँपिअरला किती वेळ. तो म्हणाला, ‘एवढं कोणी विचारत नाही’. अधिकृत सर्व्हिसला गाडी दिली आणि संध्याकाळी परत मिळाली. पूर्ण पॅक खाली उतरवावा लागला नाही, फ्यूजला वेगळं झाकण आहे. झाकणाचं सीलही नवीन टाकलं, पाणी शिरू नये म्हणून. बिल काही शे डॉलर. सूचना गेली.

जुना फ्यूज आठवण म्हणून मागितला तर दिला नाही.

स्वस्तात_मस्त

बरं झालं. दादा, माझ्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये अपघातातली एक ईव्ही पडून आहे, पायरो उडालेला. दिवाळीला येताना तिकडून एखादा पायरो बॅगेत टाकून आणता का? पैसे आधी देतो. आणि हो, माझ्या गाडीचा तो एसी फ्यूज काढायला सांगितलाय, खूश?

तीनफेज

खूश.

नारिंगी_केबल

बॅगेत?? विमानतळावरून दादा दिवाळीला घरी नाही पोचायचे. न उडालेला पायरो वाहतुकीच्या नियमांत एअरबॅगच्या इन्फ्लेटरच्या रांगेत बसतो, यूएन ३२६८, धोकादायक माल वर्ग ९. वर आत लिथियम बॅटरी असेल तर अजून एक भानगड. सर्व्हिसवाल्यांनी जुना फ्यूज दादांना दिला नाही तो यामुळेच, बार अजून भरलेला आहे त्यात.

आणि अपघातातल्या गाडीचा पायरो उडालाय तर घाई कशाची? एअरबॅगच्या कंट्रोलरने उडवला की करंटमुळे उडाला, हे आधी कोडमधून काढा. मग मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावून इन्सुलेशन बघा. नियमाचा किमान आकडा डीसीला व्होल्टमागे १०० ओहम, एसी-डीसी एकत्र जोडलेले असतील तर ५००. म्हणजे ४०० व्होल्टच्या पॅकला २ लाख ओहम धरून चला. त्याच्या खाली असेल तर आत कूलंट शिरलंय किंवा केबल चेपलीय, आणि पायरोने आपलं काम चोख केलंय. अशा गाडीत पायरोच्या जागी तांब्याची पट्टी ठोकून विकलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. तुमच्या ओळखीचं गॅरेज तसं करणार नाही असं धरतो.

स्वस्तात_मस्त

विचारून सांगतो. पट्टीचा विषय निघाला होता खरा.

तीनफेज

निघाला असेल तर त्या गॅरेजचा पत्ता मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नाशिकहून येतो.

सह्याद्रीपार

भावाने सर्व्हिस सेंटरला फोन केला. नेक्सॉनला वयाची अशी काही सूचना येत नाही म्हणाले, कोड आणि इन्सुलेशन मात्र पुढच्या सर्व्हिसला लिहून देतील. नवीन फ्यूजच्या बिलावर मी काय काय नोंदवून घ्यायला हवं होतं? गाडी पुढे विकायची झाली तर लागेल.

नारिंगी_केबल

पार्ट नंबर, फ्यूजवरची उत्पादनाची तारीख आणि बोल्टला दिलेला टॉर्क. तारीख महत्त्वाची, कारण आतली बॅटरी गाडीत बसल्यापासून नाही, कारखान्यात बनल्यापासून म्हातारी होते. चार वर्षं गोदामात पडलेला ‘नवा’ पायरो घेऊ नका. बिलावर नसेल तर अजून मागता येईल, त्यांच्या सिस्टिमवर असतं.

सह्याद्रीपार

मागितली. मागच्या वर्षीची निघाली. टॉर्कचं विचारल्यावर समोरचा जरा दचकला, पण तोही लिहून दिला.